लांबच्या शर्यतीआधी पोटात काय असावे?



सुगी आटोपली की आमच्या गावांतली तरुण मुले पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावताना दिसू लागतात. कोणी सैन्यभरतीच्या तयारीला लागलेला असतो, तर कोणी मुंबईच्या मॅरेथॉनला नाव नोंदवलेले असते. मुलीही आता मागे नाहीत. हे पाहून आम्हांला समाधान वाटते. परंतु मिस्सा आटोपल्यावर आईबाप जे प्रश्न विचारतात, त्यांवरून असे दिसते की या मुलांच्या खाण्याबाबत घरोघरी दोन टोके झाली आहेत. एका घरी आदल्या रात्रीपासून मुलाला उपाशी ठेवतात. कारण काय, तर पोट रिकामे असले म्हणजे अंग हलके राहते! दुसऱ्या घरी आदल्या रात्री कोंबडी कापतात आणि वर ताकदीच्या पावडरीचा महागडा डबा आणतात. पहिल्या घरचा मुलगा घेरी येऊन खाली बसतो, दुसऱ्या घरचा पोट धरून. म्हणून या वेळी या पानावर खत-बियाण्याऐवजी धावणाऱ्याच्या ताटाचा विचार करू.

लांब धावणे ही काही परक्यांची विद्या नव्हे. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांत शर्यत पुरी करून एकोणिसावे आले. त्या वर्षी मार्ग नेहमीपेक्षा थोडा लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता. तो संघ पाठविण्यामागे सर दोराबजी टाटा होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना त्यांनी पाहिली आणि ही मुले युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास पोहोचतात, हे त्यांच्या ध्यानात आले. ही मुले डब्यातली पावडर खाऊन तयार झालेली नव्हती.

आता मूळ गोष्ट समजून घेऊ, कारण ती कळली की पुढचे सगळे आपोआप उलगडते. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये कायमचे ठरले. माणूस धावतो तेव्हा त्याच्या वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला सुमारे एक उष्मांक खर्च होतो. म्हणजे साठ किलो वजनाच्या तरुणाला पुऱ्या शर्यतीसाठी अडीच हजार उष्मांक लागतात. हे येतात कोठून? शरीरात दोन साठे असतात. एक म्हणजे दाराजवळची कणगी आणि दुसरे म्हणजे जमिनीतले पेव. कणगीत साखरेसारखा पदार्थ साठवलेला असतो. शास्त्रात त्याला ग्लायकोजेन म्हणतात. यकृतात तो सुमारे शंभर ग्रॅम आणि स्नायूंत तीनशे-चारशे ग्रॅम मावतो. त्याची शक्ती सारी मिळून दोन हजार उष्मांकांच्या आसपास भरते. पेव म्हणजे अंगावरची चरबी. सडपातळ माणसाच्या अंगावरही ती पाच-सहा किलो असतेच, आणि एका किलोत सात हजारांहून अधिक उष्मांक असतात. पेव कधी रिते होत नाही. पण ते उघडायला वेळ लागतो, आणि चरबी जाळायला प्राणवायूही जास्त लागतो. जोरात धावणाऱ्याला तेवढी उसंत नसते. तो कणगीतूनच उपसत राहतो.

हिशेब केलात तर अडचण कोठे आहे ते दिसेल. गरज अडीच हजारांची आणि कणगीत माल दोन हजारांचा. पेवातून थोडेफार येत राहते म्हणून गाडी तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत चालते. तेथे कणगी तळाला लागली की पाय शिशाचे होतात, डोके चालेनासे होते आणि जो मघापर्यंत हरणासारखा धावत होता तो चालू लागतो. धावपटू म्हणतात, ‘भिंत लागली.’ ही भिंत इच्छाशक्तीच्या अभावाने लागत नाही, साठा संपल्याने लागते. म्हणून अशा मुलाला ‘नेट धर’ म्हणून ओरडण्यापेक्षा तीन दिवस आधी त्याच्या ताटात काय वाढले होते, ते आठवावे.

स्वीडनमध्ये १९६६ साली जोनास बर्गस्ट्रोम व एरिक हल्टमन या दोघा शास्त्रज्ञांनी स्वतःवरच एक मजेदार प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकेका पायाने दमछाक होईपर्यंत पॅडल मारले. दुसरा पाय स्वस्थ ठेवला. पुढे तीन दिवस दोघांनी पिष्टमय व गोड अन्न भरपूर खाल्ले आणि मग दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे सुईने काढून तपासले. राबलेल्या पायात स्वस्थ पायाच्या जवळजवळ दुप्पट साठा भरलेला आढळला. याचा अर्थ असा की जो स्नायू राबून रिकामा होतो, तोच अन्न मिळाल्यावर काठोकाठ भरतो. जो सराव करीत नाही आणि शर्यतीच्या नावाखाली नुसता भात हाणतो, त्याचे फक्त पोट वाढते. पुढे लोकांना असेही वाटू लागले की आधी काही दिवस भात-भाकरी तोडून शरीराची उपासमार करावी आणि मग भरावे. तशी काही गरज नाही, हे नंतरच्या तपासण्यांत दिसून आले. नेहमीचा सराव करावा, शेवटच्या तीन दिवसांत पळणे कमी करावे आणि खाणे वाढवावे, एवढे पुरते.

किती वाढवावे? शेवटच्या दीड-दोन दिवसांत वजनाच्या दर किलोमागे आठ ते दहा ग्रॅम पिष्ट व साखर पोटात जावी, असे जाणकार सांगतात. साठ किलोच्या मुलाला म्हणजे रोजचे पाचशे ते सहाशे ग्रॅम. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या घरात तो सहज जमतो. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे अठ्ठ्याहत्तर ग्रॅम पिष्ट असते, पोह्यांत तेवढेच. गूळ तर जवळजवळ सगळा साखरच. मध्यम केळ्यात पंचवीस ग्रॅम आणि उकडलेल्या रताळ्याच्या शंभर ग्रॅममध्ये वीस. तेव्हा सकाळी शंभर ग्रॅम पोहे आणि दोन केळी, दुपारी पाव किलोला थोड्या कमी तांदळाचा भात व पातळ वरण, संध्याकाळी पाव किलो रताळी व गुळाचा मोठा खडा, आणि रात्री पुन्हा दुपारएवढा भात, एवढे झाले की पाचशेचा आकडा ओलांडला. आपल्या बेळगाव भागातली रताळी बाजारात पोत्यांनी जातात. त्यांतली चार घरच्या पोरासाठी ठेवावीत, एवढेच आमचे म्हणणे.

या दोन दिवसांत वजन किलो-दीड किलोने वाढले तर घाबरू नये. साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवते. ते पाणी धावताना कामीच येते.

येथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. नाचणी, ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी हे सारे एरवी उत्तम अन्न आहे आणि वर्षभर तेच खावे. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी मात्र साधा पांढरा भात बरा. भाकरीत, उसळीत चोथा असतो. तो आतड्यात राहतो आणि वीस किलोमीटर हिसके बसल्यावर भलत्या वेळी त्रास देतो. मटण, तळलेली मासळी, झणझणीत रस्सा हेही त्या दिवशी नको. तेल-तूप आणि मांस पोटात रेंगाळतात आणि त्यांनी कणगीही भरत नाही. मांस-मासळी व शेंगदाणे स्नायू बांधायला हवेत, पण ते रोजच्या जेवणात. आदल्या रात्री कोंबडी खाऊन सकाळी पाय बळकट होत नाहीत. कुंदाही धावून आल्यावर खावा.

पावडरीच्या डब्याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. त्यात जे असते त्यातले बहुतेक दूध, डाळ, अंडी, साखर यांत मिळते, आणि डब्याच्या पैशांत घरातल्या सगळ्यांना महिनाभर अंडी मिळतील. ज्यांना शंका असेल त्यांनी केनियाकडे पाहावे. जगातले कित्येक उत्तम लांबपल्ल्याचे धावपटू तेथल्या इटेन गावच्या परिसरातून आले आहेत. त्या गावात सेंट पॅट्रिक्स ही शाळा आहे. पॅट्रिशियन संघाचे आयरिश ब्रदर कॉम ओकॉनेल १९७६ मध्ये तेथे शिकवायला गेले आणि त्यांच्या हाताखाली पुढे ऑलिंपिक विजेते घडले. केनियाच्या धावपटूंच्या जेवणाची शास्त्रज्ञांनी मोजदाद केली, तेव्हा त्यांच्या उष्मांकांपैकी तीन-चतुर्थांश पिष्ट व साखरेतून येतात असे दिसले. त्यांचे मुख्य अन्न उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सोबत पालेभाजी आणि दुधाचा गोड चहा. हे ताट शेतकऱ्याच्या घरचेच नव्हे काय?

आता शर्यतीची सकाळ. रात्रभर आपण झोपतो, पण यकृत झोपत नाही. मेंदूला साखर पुरवता पुरवता त्याचा साठा बराच खाली येतो. म्हणून आदल्या दिवशी कितीही खाल्ले तरी सकाळी काही खाल्ल्याशिवाय निघू नये. सगळ्यांत बरे म्हणजे धावण्याआधी तीन तास मऊ भात किंवा दाट पेज, चवीला मीठ, वर एक केळे व थोडा गूळ. त्यातून शंभर-सव्वाशे ग्रॅम मिळतात आणि तीन तासांत पोटही हलके होते. शर्यत पहाटे साडेपाचला असेल तर अडीचला उठून पेज प्यायची आणि पुन्हा आडवे व्हायचे. आईला उठवू नये, आदल्या रात्रीच करून ठेवावी. हे जमतच नसेल तर दीड तास आधी दोन केळी, किंवा मध लावलेले पावाचे दोन-तीन तुकडे खावेत. नेहमीचा एक कप चहा घ्यायला हरकत नाही. कित्येकांना त्याने तरतरी येते. दूध ज्याला एरवी पचते त्यानेच प्यावे.

आणि एक नियम पक्का धरावा. जे सरावाच्या लांब दौडीआधी खाऊन पाहिलेले नाही, ते शर्यतीच्या सकाळी खाऊ नये. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुइस येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये फेलिक्स कार्व्हाहाल नावाचा क्युबाचा पोस्टमन धावत होता. वाटेत भूक लागली म्हणून त्याने एका बागेतली सफरचंदे खाल्ली. ती नासकी निघाली, पोटात कळा आल्या आणि तो चक्क रस्त्याकडेला आडवा झाला. तरी उठून चौथा आला, हे त्याचे कौतुक. त्याच शर्यतीत पहिला आलेल्या थॉमस हिक्सला त्याच्या माणसांनी वाटेत ब्रँडी, अंड्याचा पांढरा बलक आणि स्ट्रिकनीनसारखे विष औषध म्हणून पाजले होते. तो मरता मरता वाचला. उन्हात, धुळीत, जवळजवळ पाण्यावाचून धावलेल्या त्या बत्तीस जणांपैकी चौदाच शेवटपर्यंत पोहोचले.

वाटेतही थोडे थोडे खावे लागते. पहिल्या पाऊण तासानंतर दर तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर पोटात जाईल असे पाहावे. एखादे केळे, चार-पाच खजूर, लिमलेटच्या गोळ्या, साखरेचे पाणी, जे सोसेल ते. भूक लागेपर्यंत थांबू नये, कारण कणगी रिती झाल्यावर घातलेले दाणे उशिरा पोहोचतात.

पाण्याविषयी जरा थांबून सांगणे भाग आहे, कारण येथे जिवाशी गाठ आहे. पाणी न पिता धावणे धोक्याचे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण अति पाणी पिणेही तितकेच धोक्याचे आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा तेरा जणांच्या रक्तातले मिठाचे प्रमाण धोक्याच्या पातळीखाली गेलेले आढळले. त्यांतले बरेचसे असे होते, की जे सावकाश धावत होते आणि प्रत्येक ठिकाणी थांबून पाणी पीत होते. रक्त पातळ झाले की डोके दुखते, मळमळते, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि क्वचित झटकेही येतात. लोक समजतात, याला पाणी कमी पडले, आणि आणखी पाणी पाजतात! अशा वेळी पाणी थांबवून थेट दवाखान्यात न्यावे.

मग प्यावे किती? धावण्याआधी दोन-तीन तास दीड-दोन भांडी पाणी प्यावे. लघवी फिकट पिवळी असली म्हणजे पाणी पुरेसे आहे असे समजावे. वाटेत तहान लागेल तसे घोट घोट घ्यावे. उन्हाळी दिवस असतील, किंवा बेळगावच्या थंड हवेतला मुलगा मुंबई-गोव्याच्या दमट हवेत धावणार असेल, तर घाम फार जातो आणि त्याबरोबर मीठही. त्यासाठी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी बाटलीत न्यावे. जुलाब झालेल्या मुलाला देतो तेच हे पाणी. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ जास्त पडू देऊ नये. अंगदुखी होऊ नये म्हणून कोणी आधीच दुखण्याची गोळी घेतात. तसे मुळीच करू नये, लांबच्या धावण्यात ती मूत्रपिंडाला बाधते. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचे दुखणे असणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडल्यावर प्रथमच धावणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज या भानगडीत पडू नये.

धावणाऱ्या मुलींच्या आयांना आमचे वेगळे सांगणे आहे. आपल्या घरांत बाईमाणूस शेवटी जेवते आणि उरेल ते खाते. दहा किलोमीटर धावून आलेल्या मुलीच्या ताटात भाऊ जेवल्यावर उरलेला भात वाढू नका. धावण्याइतके अन्न मिळाले नाही तर मुलीची पाळी अनियमित होते किंवा थांबते. काही जणी त्याला सोय समजतात. ती सोय नाही. त्यामुळे हाडे ठिसूळ होतात आणि विशी-पंचविशीतच हाडाला चीर पडते. अशा मुलीला आधी डॉक्टरकडे न्यावे. एरवी तिच्या रोजच्या खाण्यात नाचणी, दूध, अंडी, सुकी मासळी, हिरव्या भाज्या आणि पोटभर भात-भाकरी असावी. नाचणीइतका चुना दुसऱ्या कोणत्याच धान्यात नसतो.

सैन्यभरतीच्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. तेथे धावायचे असते १.६ किलोमीटर. एवढ्याला कणगी काठोकाठ भरण्याची गरज नाही. नेहमीचा साठा कितीतरी पटींनी पुरतो. तेथे मुले पडतात ती दुसऱ्या कारणाने. रात्रीपासून रांगेत उभी असतात, झोप नाही, पोटात काही नाही, आणि उन्हे चढल्यावर त्यांची पाळी येते. त्यांच्या पिशवीत केळी, गूळ, पाव आणि पाण्याची बाटली द्यावी. दर दोन-तीन तासांनी थोडे खावे आणि शेवटचा घास धावण्याआधी तासभर घ्यावा.

संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, ३ डिसेंबरला, जुन्या गोव्यास पायी जाणाऱ्यांनीही यातून थोडे घ्यावे. शंभर किलोमीटरहून अधिक वाट असली तरी चालणाऱ्याला पेव उघडायला पुरेसा वेळ मिळतो, म्हणून तीन दिवस आधी भात वाढवण्याचे कारण नाही. पण नवस म्हणून उपाशी चालणारे आम्ही पाहतो, ते आम्हांला पसंत नाही. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली निजला असताना देवदूताने त्याला काय दिले? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. आणि एकदा नव्हे, दोनदा उठवून खायला लावले, कारण पुढची वाट लांब होती. देवदूताला जे कळले ते आपल्यालाही कळावे. घाट उतरताना दर दोन तासांनी बसून खावे, पेजेत मीठ घालावे, आणि म्हाताऱ्यांनी आपली औषधे घरी विसरू नयेत.

शर्यत संपल्यावर तासाभराच्या आत भात-वरण, अंडी किंवा मासळी, आणि पाणी असे साधे जेवण घ्यावे. त्या वेळी शरीर साठा लवकर भरून घेते.

शेवटी मिस्सेविषयी. मॅरेथॉन बहुधा रविवारी पहाटे असते आणि मुले मिस्सा चुकवतात. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेस आल्याने रविवारचे कर्तव्य पुरे होते, हे ध्यानात ठेवावे. पवित्र कम्युनियनपूर्वीचा उपवास एका तासाचा आहे. पाण्याने व औषधाने तो मोडत नाही, तेव्हा दुपारी भात खाऊन येण्यास कसलीच आडकाठी नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे दिवस आहेत. त्या दिवशी लांब दौड ठेवू नये, दुसऱ्या दिवशी ठेवावी. परगावी शर्यतीस जाणाऱ्यांनी आठवडाभर आधी आम्हांला कळवावे, म्हणजे तेथील चर्चच्या मिस्सेची वेळ आम्ही विचारून ठेवू.